घरच्या वर्कशॉपसाठी नवा टेबल सॉ घेताय? आधी फेन्स, प्लग आणि पुराचं पाणी बघा

छोट्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर, काही वर्षं काम केलं की एक दिवस असा येतोच, दोन इंची सागवानाची पट्टी चिरताना मोटर बसायला लागते, कड काळी पडते, जळका वास येतो आणि मनात येतं की आता मोठं मशीन घ्यायचंच. घ्या, नक्की घ्या, पण त्याआधी एक काम करा. जुन्या मशीनवर नवीन २४ दात्यांचं ब्लेड लावून तीच पट्टी परत चिरून बघा. घरगुती वर्कशॉपमध्ये बरेचदा ४० किंवा ६० दात्यांचं एकच ब्लेड कायम चढवलेलं असतं, प्लाय पण त्यावरच, आडवा काप पण त्यावरच, आणि लांबीत चिरायचं काम पण त्यावरच. जास्त दाते म्हणजे प्रत्येक दात्यापुढची खाच छोटी, उभं चिरताना निघणारा लांब भुसा त्यात मावत नाही, तो तिथेच घासत राहतो, लाकूड तापतं आणि आपण म्हणतो मोटरमध्ये दम नाही. त्यात सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार इतर लाकडांपेक्षा लवकर जाते. ब्लेड बदलल्यावर जर काम लोण्यासारखं व्हायला लागलं तर मशीनचे पैसे वाचले, ते चांगल्या लाकडावर घाला.

ब्लेड बदलून पण त्रास गेला नाही तर मग खरी कारणं शोधा. माझ्या मते मशीन बदलायला तीनच कारणं पुरेशी आहेत. फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून ढकलतो ती सरकती पट्टी, लॉक केली तरी तिचं मागचं टोक हलतं आणि प्रत्येक वेळी टेप लावून पुढे-मागे मोजावं लागतं. मशीनला रायविंग नाइफ (ब्लेडमागची पातळ पट्टी, पुढे नीट सांगतो) नाही आणि बसवायची सोय पण नाही. किंवा ब्लेडचा शाफ्ट हाताने धरून हलवला की खडखडतो आणि बेअरिंग बदलून पण तसाच राहतो. कमी हॉर्सपॉवर हे कारण मी या यादीत मुद्दाम घेतलं नाही, कारण कमी ताकदीच्या मशीनवर सावकाश काम होतं पण होतं, वाकड्या फेन्सवर मात्र चांगलं काम होतच नाही, आणि हात पण जाऊ शकतो.

हे जरा नीट सांगतो कारण हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. ब्लेडचे पुढचे दाते, म्हणजे आपल्या बाजूचे, लाकूड खाली टेबलावर दाबतात. मागचे दाते खालून वर येत असतात. लाकूड कापून मागे सरकलं आणि फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे थोडी जरी कललेली असेल तर लाकूड फेन्स आणि मागच्या दात्यांच्या मध्ये अडकतं, मागचे दाते त्याला उचलतात आणि आपल्या दिशेने फेकतात. याला किकबॅक म्हणतात. २५४ मिमीचं ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५३ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. लाकूड पोटात बसतं ते वेगळंच, खरी भीती अशी की लाकूड फिरताना ज्या हाताने ढकलत होतो तो हात पण त्याच्याबरोबर ब्लेडवर ओढला जातो. रायविंग नाइफ म्हणजे ब्लेडच्या मागे उभी असलेली पातळ पोलादी पट्टी, ब्लेड वरखाली केलं की तीही वरखाली होते, आणि ती कापलेल्या फटीत राहून लाकडाला मागच्या दात्यांपर्यंत जाऊच देत नाही. एवढंसं ते पातं, पण नवीन मशीन घेताना ते नसेल तर बाकी सगळं कितीही छान असलं तरी मी तरी घेऊ नका असंच सांगेन.

वीज आधी, मशीन नंतर

दुकानात जायच्या आधी घरी मीटरपाशी जा. बडोद्यात बहुतेक टेनामेंटमध्ये सिंगल फेज २३० व्होल्ट असतं, बिलावर मंजूर लोड लिहिलेला असतो तो बघा, एसी आणि गीझर त्याच लोडमध्ये चालतात हे लक्षात ठेवून. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, पण हे मोटरच्या शाफ्टवर मिळणारं काम, मोटर ओढते त्यापेक्षा जास्त. २ हॉर्सपॉवरची सिंगल फेज इंडक्शन मोटर पूर्ण लोडवर १० अँपिअरच्या आसपास घेते, ३ हॉर्सपॉवरची १४ ते १७ अँपिअर, आणि चालू होताना क्षणभर याच्या पाच-सहा पट. म्हणजे २ हॉर्सपॉवर नेहमीच्या १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर चालेल, ३ हॉर्सपॉवरसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढा, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, आणि एमसीबी (जास्त करंट गेला की उडणारा स्विच) सी किंवा डी कर्व्हचा, कारण बी कर्व्हचा एमसीबी मोटर सुरू होतानाच उडतो आणि मग लोक कंटाळून मोठ्या रेटिंगचा एमसीबी टाकतात, वायर तीच जुनी बारीक. असं करू नका, त्याने वायर जळते आणि भिंतीच्या आत जळते म्हणून लवकर कळत पण नाही. अर्थिंग खरोखर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून बघून घ्या, नुसती तिसरी पिन असणं म्हणजे अर्थिंग नव्हे, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पाहिजेच.

एक्स्टेंशनचं पण बोलायला पाहिजे. घरात पडलेल्या बारीक, पाऊण स्क्वेअर एमएमच्या दहा मीटर दोरीवर टेबल सॉ चालवला की सुरू होताना व्होल्टेज इतकं पडतं की मोटर हळूहळू वेग घेते, तेवढा वेळ जास्त करंट ओढत राहते आणि तापते. अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेऊन स्वतः बोर्ड बनवून घ्या, आणि जेवढी लागेल तेवढीच लांब ठेवा.

बडोद्यातल्या घराघरातून कुणी ना कुणी अमेरिकेत आहे, त्यामुळे तिकडून चांगला टेबल सॉ पाठवायचा विचार पण बऱ्याच जणांच्या मनात येतो. तिकडची छोटी मशीनं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असेल तर तिला हर्ट्झने फरक पडत नाही, पण किमान ३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड आणि महाग. इंडक्शन मोटर असेल तर ती आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते. शिवाय तिकडचा शाफ्ट ५/८ इंची, म्हणजे १५.८८ मिमी, आणि आपल्याकडे दुकानात मिळणारी १० इंची ब्लेडं बहुतेक २५.४ किंवा ३० मिमी भोकाची, म्हणजे प्रत्येक ब्लेडला बुश शोधत फिरा. भाऊ किंवा मामा काही पाठवतोच म्हणाला तर चांगला काटकोन आणि मायटर गेज (आडवं कापताना लाकूड धरून टेबलाच्या खाचेत सरकणारा कोनमापक) मागवा, त्यांना वीज लागत नाही.

पाणी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा सयाजीगंज, अकोटा, फतेगंज, समा या भागांत तळमजल्यावर काय काय भिजलं ते बडोद्यात कुणाला सांगायला नको. तुमचं वर्कशॉप पार्किंगमध्ये किंवा तळमजल्याच्या खोलीत असेल आणि भागात पाणी येत असेल, तर मशीन कुठलं घ्यायचं हा निर्णय अर्धा तिथेच होतो. २५-३० किलोचा जॉबसाइट टेबल सॉ घडीच्या स्टँडवर असेल तर आजवा सरोवरातून पाणी सोडल्याची बातमी आली की दोघं मिळून दहा मिनिटांत जिन्यावरून वर नेतात. दोनशे किलोच्या कास्ट आयर्नच्या मशीनचं तसं होत नाही.

तरीसुद्धा मोठंच घ्यायचं असेल तर बेल्टवर चालणारं घ्या, ज्याची मोटर वेगळी, चार बोल्टवर बसवलेली असते. स्विच आणि प्लग छातीच्या उंचीला लावा. पावसाळ्यात मोटरच्या बोल्टचा पाना मशीनलाच लटकवून ठेवा, बातमी आली की आधी मेन बंद, मग बेल्ट काढायचा, बोल्ट काढायचे, मोटर आणि स्टार्टर वर न्यायचे, टेबलावर आणि शाफ्टवर ग्रीस जाड थापायचं. उरलेलं लोखंड आहे, भिजलं तर रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने गंज निघतो, बेअरिंग बदलता येतात. मोटर भिजलीच तर वाळल्यासारखी दिसली तरी चालू करू नका, वाइंडरकडे न्या, तो उघडून सुकवेल, मेगरने इन्सुलेशन तपासेल आणि लागलं तर वार्निश करेल.

अगाशीवर शेड टाकून वर्कशॉप केलंय अशी पण बरीच घरं आहेत, तिथे पाण्याची काळजी नाही पण जड मशीन स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खालच्या बीमच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवा.

कुठल्या जातीचं

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला जॉबसाइट, बॉश, मकिता, डीवॉल्ट यांचे १० इंची टेबल सॉ याच प्रकारात येतात, अॅल्युमिनियमचं टेबल, १५०० ते २००० वॉटची ब्रशवाली मोटर, आवाज खूप मोठा, पण फेन्स आणि रायविंग नाइफ चांगले असतात आणि ९० अंशात साधारण ७५ ते ८० मिमी जाड लाकूड कापतात. दुसरा कॅबिनेट सॉ किंवा त्याचा हलका भाऊ हायब्रिड, कास्ट आयर्नचं जाड टेबल, इंडक्शन मोटर, आवाज कमी, कंप जवळजवळ नाही, आणि वीस वर्षं सेटिंग न हलता चालतो. तिसरा आपला लोकल, कास्टिंगचं टेबल, खाली २ किंवा ३ हॉर्सपॉवरची मोटर, पुष्कळदा रंध्याबरोबर जोडलेला, सुतारांच्या दुकानात दिसतो तो. प्लायच्या फॅक्टऱ्यांत असतो तो सरकत्या टेबलाचा पॅनेल सॉ, खाली छोटं स्कोरिंग ब्लेड असलेला, तो घरासाठी नाही, त्याला खोलीच पुरत नाही.

आता तुम्ही काय बनवता त्यावर ठरवा. वॉर्डरोब, किचनच्या ट्रॉल्या, म्हणजे प्लाय आणि सनमाईका, तर अचूक फेन्स आणि रुंद माप पाहिजे, मोटर लहान चालेल. आठ बाय चारची १८ मिमी शीट तीस-पस्तीस किलोची असते, ती एकट्याने छोट्या टेबलावर ढकलणं मला अजिबात पटत नाही, आधी जमिनीवर थर्माकोल पसरून हातातल्या सर्क्युलर सॉने पट्टी लावून ढोबळ तुकडे करा, मग शेवटचा नेमका काप टेबल सॉवर. असं काम करणाऱ्याला चांगला जॉबसाइट पुरतो. टेबल, खुर्च्या, पलंग, भरीव सागवान किंवा सिसम असेल तर इंडक्शन मोटर आणि जड टेबलाचा फायदा रोज कळतो. संखेड्यासारखं खरादाचं काम करणारे पाय टेबल सॉवर फक्त चौकोनी काढतात, पण ब्लेड ४५ अंशात कलवून चारही कोपरे उडवले आणि अष्टकोनी करून खरादावर चढवलं तर तिथली निम्मी ठोकर वाचते, त्यासाठी ४५ ला नीट थांबणारं मशीन बघा.

लोकल मशीनबद्दल माझं मत सांगतो. कास्टिंग चांगलं असतं, मोटर कुठेही भरून मिळते, सुटे भाग मकरपुरा जीआयडीसीत कुणीही टर्नर बनवून देतो, हे मोठे फायदे आहेत. पण बऱ्याच मशीनांना रायविंग नाइफ नसतो, गार्ड नसतो, बेल्ट उघडा असतो, आणि ब्लेड वरखाली न होता टेबलच वरखाली होतं. तुम्हाला फॅब्रिकेशनची माहिती असेल आणि रायविंग नाइफ, बेल्टचं कव्हर, चांगली फेन्स हे सगळं बसवून घ्यायची तयारी असेल तर घ्या, नाहीतर नको. त्याला नुसता टॉगल स्विच असेल तर तो काढून डीओएल स्टार्टर लावा, पाण्याच्या पंपाला लावतात तसा सिंगल फेजचा मिळतो. त्याचा उपयोग असा की लाइट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि लाइट आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण दाबावंच लागतं. लाइट गेल्यावर ब्लेडजवळचा तुकडा काढायला हात घातलाय आणि तेवढ्यात लाइट आली, ही गोष्ट कुणाच्याही बाबतीत होऊ नये. जुनी तीन फेजची मोटर असलेलं मशीन स्वस्तात मिळालं तर ती व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजमधून तीन फेज बनवणारा ड्राइव्ह, लावून सिंगल फेजवर चालवता येते, पण मोटरला २३० व्होल्टची डेल्टा जोडणी काढता येते का ते आधी वाइंडरला विचारा, ४१५ लाच बांधलेली असेल तर ताकद मिळणार नाही.

हात लावून काय बघायचं

दुकानात किंवा सेकंडहँड बघायला जाताना स्टीलची लांब सरळ पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) आणि काटकोन घेऊन जा. पट्टी टेबलावर दोन्ही कर्णांत आडवी ठेवा, खाली पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फीलर जात असेल तर टेबल वाकडं आहे, विशेषतः ब्लेडजवळ उंचवटा असेल तर सोडून द्या. फेन्स सरकवून लॉक करा, पुढे आणि मागे मायटर स्लॉटपासून, म्हणजे मायटर गेज सरकते त्या टेबलावरच्या खाचेपासून, मोजा, मग उघडा, परत लॉक करा, परत मोजा, असं बऱ्याचदा करा. प्रत्येक वेळी तेच माप आलं पाहिजे. लॉक झाल्यावर मागच्या टोकाला अंगठ्याने जोर द्या, हललं तर दुकानदार काहीही सांगो, फेन्स कच्ची आहे. मग प्लग काढून शाफ्ट धरून वरखाली आणि आतबाहेर हलवून बघा. ब्लेड पूर्ण वर घ्या, पूर्ण खाली, मग ४५ ला, चाक कुठे अडकतं का बघा. ब्लेडचं भोक किती मिमीचं ते लिहून घ्या, आणि रायविंग नाइफवर जाडी लिहिलेली असते ती पण लिहून घ्या, कारण नाइफ ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दात्याच्या रुंदीपेक्षा पातळ असला पाहिजे. ३.२ मिमी कापणाऱ्या ब्लेडबरोबर आलेला नाइफ २.४ मिमीच्या पातळ ब्लेडमागे लावला तर लाकूड नाइफवरच येऊन थांबतं, मग लोक नाइफ काढून ठेवतात आणि परत लावत नाहीत. ब्लेड नाइफला जुळणारंच घ्या.

बोट लागलं की ब्लेड थांबवणारं मशीन पण आहे, त्याची कल्पना १९९९ मध्ये अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी काढली आणि सॉस्टॉप नावाने ती मशीनं विकली जातात. ब्लेडवर बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो, शरीर लागलं की तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा स्प्रिंगने ब्लेडमध्ये घुसतो, पाच मिलिसेकंदांच्या आसपास ब्लेड थांबतं. ठोकळा आणि बहुतेक वेळा ब्लेड दोन्ही बदलावे लागतात, बोट मात्र वाचतं. परवडत असेल आणि सर्व्हिस मिळत असेल तर उत्तमच, पण ते किकबॅक थांबवत नाही, तिथे रायविंग नाइफ आणि सरळ फेन्सच कामाला येतात.

घरी आणल्यावर

नवीन मशीन खोक्यातून काढून लगेच लाकूड घालायची घाई होते, मला कळतं, पण पहिला दिवस सेटिंगला द्या. कंपनीने कितीही नीट पाठवलं तरी टेंपोत हादरून आलेलं असतं.

प्लग काढलेला आहे ना, मग सुरू करा. सगळ्यात आधी ब्लेड मायटर स्लॉटला समांतर आहे का ते बघा, कारण बाकी सगळी मापं यावरच उभी आहेत. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दात्यावर मार्करने खूण करा, तो दाता पुढे आणून स्लॉटपासून अंतर मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दाता मागे न्या आणि परत मोजा. तोच दाता का, तर ब्लेड थोडं जरी वाकडं असेल तरी ते मापात येत नाही. साधा काटकोन स्लॉटला टेकवून फीलर गेजने पण मोजता येतं, पण ओळखीत कुणी मशीन शॉपवाले असतील तर त्यांच्याकडून डायल गेज एक दिवसासाठी मागून आणा, काम फार सोपं होतं. फरक ०.१ मिमीच्या आत आला की पुरे. जास्त असेल तर कॅबिनेट सॉमध्ये टेबलाचे बोल्ट सैल करून टेबल फिरवतात, जॉबसाइटमध्ये खालून मोटरच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून हातोडीच्या लाकडी दांड्याने हळू हळू ठोकतात. बोल्ट आवळल्यावर परत मोजा, आवळताना सरकतंच. मग ब्लेड ४५ ला कलवून पुन्हा एकदा मोजा, तिथे फरक आला तर टेबलाखाली पातळ शिम घालावी लागते.

मग फेन्स त्याच स्लॉटला समांतर करा. मागच्या बाजूला केसभर, ०.१ मिमी, ब्लेडपासून दूर ठेवली तर उत्तम, ब्लेडकडे मात्र कधीच नाही. त्यानंतर ब्लेड टेबलाशी ९० मध्ये. काटकोन ब्लेडच्या पत्र्याला टेकवायचा, दात्याला नाही. खात्री करायला अडीच इंच रुंद पट्टी उभी कडेवर धरून मधून कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेली तोंडं टेबलावर जोडून बघा, वर किंवा खाली फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून डोळ्याला लगेच दिसते. शून्यावर आलं की ९० चा स्टॉप स्क्रू तिथे टेकवून नट आवळा. रायविंग नाइफ ब्लेडच्या अगदी सरळ मागे आहे ना ते पट्टी लावून बघा. शेवटी एक पट्टी कापून खरं माप घ्या आणि फेन्सच्या पट्टीवरचा काटा त्या मापाला आणा. ब्लेड बदललं, जाडी बदलली, की काटा परत लावायचा.

मागे लाकूड पडायला टेबल बनवा, मशीनच्या टेबलापेक्षा एक-दोन मिमी खाली, म्हणजे लाकडाचं टोक अडकत नाही. टेबलावरची ब्लेडभोवतीची पट्टी पण प्लायची स्वतः बनवून घ्या, ब्लेड खालून हळू वर आणत तिच्यातच फट पाडा, पण आधी ती फेन्सच्या खाली किंवा क्लॅम्पने घट्ट दाबून ठेवा आणि रायविंग नाइफसाठी मागे खाच ठेवा. या पट्टीमुळे प्लायचे धागे निघणं खूप कमी होतं आणि पातळ चिपट्या ब्लेडच्या शेजारी खाली पडून अडकत नाहीत.

काम करताना

ब्लेडची उंची लाकडाच्या वर पाच-सहा मिमी. ब्लेडच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं डावीकडे. उभं चिरायचं ते फेन्स लावून, आडवं कापायचं ते मायटर गेज लावून, आणि दोन्ही एकत्र कधीच नाही, कारण कापलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये मोकळा राहतो आणि तोच उडतो. तुकड्याचं माप फेन्सवरूनच घ्यायचं असेल तर फेन्सला पुढच्या बाजूला एक ठोकळा क्लॅम्प करा, माप ठोकळ्याला टेकवून घ्या आणि लाकूड ब्लेडपर्यंत पोचेपर्यंत ठोकळा मागे सुटलेला असला पाहिजे. हात आणि ब्लेड यात वीतभर अंतर ठेवा, त्याहून जवळ जायचं झालं तर पुश ब्लॉक, पुश स्टिक. हातमोजे नको, लांब बाह्या नको, गळ्यात काही लटकतं नको. फिरत्या ब्लेडवरून हात नेऊन मागचा तुकडा ओढायचा नाही, थांबू द्या.

मांडवी-वाडीकडच्या मोडलेल्या जुन्या घरांचं सागवान वखारीत मिळतं, लाकूड अप्रतिम असतं, वाळलेलं, दाट, पण त्यात खिळे असतात आणि वरून दिसत नाहीत. जोरदार चुंबक चारही बाजूंनी फिरवा, काळा डाग दिसला की तिथे खणून बघा. कार्बाइडचा एक दाता उडाला की ब्लेड तर गेलंच, तो दाता कुठे उडेल त्याचा भरवसा नाही, डोळ्यावर चष्मा असल्याशिवाय मशीन सुरूच करू नका. कानाला मफ पण लावा, ब्रशवाल्या मोटरचा आवाज बंद खोलीत कानांचं कायमचं नुकसान करतो, आणि सोसायटीत असाल तर दुपारी दोन ते चार आणि रात्री मशीन बंदच ठेवा.

भुशाकडे लोक दुर्लक्ष करतात. लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकलेली आहे, १९९५ पासून. मोठा भुसा त्रास देत नाही, डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ देते, आणि एमडीएफची तर फारच. कॅबिनेट सॉला साधारण १०० मिमीचं तोंड असतं, त्याला डस्ट कलेक्टर लागतो, जॉबसाइटला व्हॅक्यूम क्लीनर चालतो. दोन्ही नसेल तर दार उघडून, पंखा बाहेरच्या दिशेने लावून काम करा, आणि एन९५ मास्क तर सगळं असलं तरी लावाच.

कास्ट आयर्नचं टेबल जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत गंजायला टपलेलं असतं, एका रात्रीत घामाच्या बोटांचे ठसे लाल उमटतात. फर्निचरचं मेणाचं पॉलिश पातळ लावून पुसून काढा, महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला. गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश नको, ते लाकडाला लागतं आणि मग पॉलिश करताना पृष्ठभागावर डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात, कितीही घासा जात नाहीत.

आणि जुनं मशीन. जागा असेल तर विकू नका, त्यावर खाचा पाडायचं ब्लेड कायम लावून ठेवा, आपल्याकडच्या मशीनांच्या आखूड शाफ्टवर डॅडोचा, म्हणजे रुंद खाच पाडायच्या ब्लेडांचा, जाड सेट बसत नाही, त्यामुळे ड्रॉवरच्या तळाच्या खाचेसाठी दर वेळी नव्या मशीनची फेन्स हलवावी लागते ती लागणार नाही. विकायचंच असेल तर घेणाऱ्याला सगळे दोष तोंडावर सांगा, आणि त्याला रायविंग नाइफ नसेल तर नव्याने शिकणाऱ्या मुलाला ते देऊ नका, भंगारात मोटर वेगळी काढून विका.